मूठभर तांदळाचे चोर

“कोणाचा विश्वास बसणार नाही, पण जावामधलं एक अख्खं गाव या दोन हातांनी वाचवलंय,” असं म्हणून उल्हासकाकांनी दोन्ही हात पुढे केले. एका हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

टॅम्पिनीसमधल्या काकांच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी मंडळाची बैठक भरली होती. गणपती तीन आठवड्यांवर आला होता. बाप्पाचे चांदीचे दागिने पाच दिवस उत्सवाच्या हॉलमधल्या कपाटात राहणार होते, आणि राखणीला कोण बसणार हे ठरायचं होतं. काकांना त्या कपाटाची किल्ली हवी होती. पुण्याहून इथे परदेशी मुलाकडे येऊन त्यांना चार वर्षं झाली, पण या चार वर्षांत कोणी त्यांच्यावर काही सोपवलं नव्हतं. सून तर दूध आणायलासुद्धा पाठवत नसे.

अध्यक्ष मधुमतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काका, गेल्या वर्षी तुम्हाला चपलांच्या राखणीला बसवलं होतं. तर तुम्हीच शैलेंद्रचे बूट घालून घरी गेलात!”

“दोन नंबर मोठे होते तरी,” मंडळातला शैलेंद्र म्हणाला.

“अरे, चपलांना कोण जीव लावतो? माणसाचा कस लागतो तो जिवावर बेतल्यावर. ऐका.”

काका ज्या गावाची गोष्ट सांगणार होते ते सुलास्त्रीचं. सुलास्त्री सहा वर्षं त्यांच्या मुलाच्या घरी कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावाचं लग्न निघालं तेव्हा सगळेच गेले. मुलगा-सून शहरातल्या हॉटेलात उतरले. काका मात्र हट्टाने आठ दिवस गावात राहिले. त्यामुळे साक्षीदार असा कोणी नव्हता. सुलास्त्री होती, पण तिच्याशी घरात सगळे इंग्रजीतच बोलत. तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. आत्ताही ती मुकाट्याने कपांत चहा ओतत होती.

“गाव कसं म्हणाल? दाराला कुलूप नाही. मोटारसायकली अंगणात, किल्ल्या मोटारसायकलींना. म्हशी आपल्या आपण गोठ्यात जातात आणि आतून कडी लावून घेतात.”

“म्हशी?” मधुमतीबाई म्हणाल्या.

“शिकवलेल्या असतात हो. आणि प्रत्येक घराबाहेर खिळ्याला एक इवलासा डबा. डब्यात मूठभर तांदूळ. मी म्हटलं, देवाचा नैवेद्य असणार. हात जोडले. तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. बघतो तो काय, डोक्यावरून लुंग्या लपेटलेली दोन माणसं दारोदार हिंडतायत, आणि देवाचा तांदूळ पिशवीत ओततायत!”

“बाप रे,” शैलेंद्र म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला.

काकांना चेव चढला. “गावात चौकाचौकात पोकळ लाकडाचा एक ठोकळा टांगलेला असतो. दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग. आता त्या घाईत मोजतो कोण? मी दिला आपला मिरवणुकीतला ढोलाचा ठेका. चोर आलाय की आग लागलीय, कोणाला कळेना. अर्धं गाव काठ्या घेऊन आलं, अर्धं बादल्या घेऊन.”

“आणि चोर?”

“एक पळाला. दुसरा, सहा फुटी धिप्पाड, त्याच्यावर मी झेप घेतली. बांधायला दोरी नाही. मग काय, पायजम्याची नाडी ओढली आणि आवळले हात! एका हातात पायजमा, एका हातात चोर, असा उभा होतो.”

मधुमतीबाई हसू दाबत होत्या, पण दबत नव्हतं. सुलास्त्रीने काकांच्या पुढ्यात कप ठेवला. जरा आपटूनच ठेवला. चहा बशीत सांडला.

“काय तो चेहरा!” काका थांबायला तयार नव्हते. “डोळ्यांत लबाडी, गालावर व्रण. चोरी कपाळावरच लिहिलेली. आयुष्यात घामाचा घास खाल्ला नसेल मेल्याने. गावकऱ्यांनी मला खांद्यावर घेतलं. सरपंच रडला. म्हणाला, राहा इथेच, गावाची राखण करा.”

खोलीत हशा पिकला. शैलेंद्र म्हणाला, “देऊन टाका हो बाई. चोर आलाच तर काका त्याला गोष्ट सांगत बसवतील. सकाळपर्यंत हलायचा नाही.”

“म्हशींचं सोडलं तर मन लावून ऐकली मी,” मधुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी मूठ मिटली. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

“थापा मारू नका, काका.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. हातात किटली घेऊन सुलास्त्री उभी होती. मराठी स्वच्छ होतं, थेट सदाशिव पेठेतलं; काकांच्या गप्पा ऐकूनच उचललेलं.

“आमच्या गावात चोर नाहीत. ते दोघं गस्तीवाले होते. पाळी येईल त्याने गावाची राखण करायची आणि हिंडता हिंडता घरोघरचा तांदूळ गोळा करायचा, गावाच्या अडीनडीला. पळाला तो तुमची नाडी सोडवायला कात्री आणायला पळाला. आणि आयुष्यात घामाचा घास न खाल्लेला तो मेला म्हणजे माझे बाबा. आठ दिवस त्यांच्याच घरी जेवत होतात तुम्ही.”