डाव्या बाजूचं नाव

कात्सुमाता मास्तरांनी डोळ्याला लावलेलं भिंग बराच वेळ काढलंच नाही.

टेबलावर उएझोनोनं बनवलेलं विमान होतं. वीतभरही लांब नसलेलं, गडद हिरवं, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातलं हायाबुसा जातीचं लढाऊ विमान. डाव्या बाजूला, वैमानिकाच्या आसनाखाली, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इसाओ’.

इसाओ हे मास्तरांचं नाव.

“मास्तर, विमान बघताय की पेपर तपासताय?” चहावाले मोचिझुकी म्हणाले. सगळे हसले. विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या शिझुओकातल्या त्या मंडळात दर रविवारी सकाळी दहा-बारा जण आपापली विमानं घेऊन जमत. मे महिन्याचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं.

मास्तर हसले नाहीत. शेपटीवरचा आकडा त्यांच्या वडिलांच्या विमानाचा होता, पण तो कुणीही फोटोवरून उचलला असता. त्या विमानाचा एकुलता एक फोटो मंडळाच्या अंकात छापून आला होता. पण फोटो उजव्या बाजूनं काढलेला होता. डावी बाजू कुणी पाहिलीच नव्हती.

वडिलांनी दक्षिणेतल्या तळावरून शेवटचं पत्र लिहिलं होतं. ‘पोराचं नाव विमानावर लिहिलं आहे, म्हणजे तो माझ्याबरोबर उडेल.’ एवढंच. पोर तेव्हा वर्षाचं होतं. चार दिवसांनी ते आत्मघाती मोहिमेवर गेले आणि परतले नाहीत. ते विमान मास्तरांनी अकरा वेळा बनवलं होतं. नाव कुठे लिहिलं होतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून एकदाही घातलं नव्हतं. आणि पत्राची गोष्ट आई आणि मास्तर, या दोघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हती.

“हे नाव कुठून आणलंत?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“तिथे होतं ते,” उएझोनो म्हणाला. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. फेब्रुवारीत कागोशिमाहून बदली होऊन आला होता म्हणे. बदली कुठल्या कचेरीत, हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“वडील सांगायचे. गेल्या जानेवारीत वारले.”

“तळावर मेकॅनिक होते का?”

उएझोनोनं विमान डब्यात ठेवलं. “तळावर होते,” तो म्हणाला.

मास्तरांना ते उत्तर पटलं नाही. तीस वर्षं शाळेत पोरं हाकलेल्या माणसाला अर्धं उत्तर लगेच कळतं.

दुपारी ते आईच्या वृद्धाश्रमात गेले. तोमीबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या तिथेच होत्या. त्या झोपल्या होत्या. मास्तरांनी हळूच कपाट उघडलं. पत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जागच्या जागी होतं. त्यांना हायसं वाटलं, पण खाली येऊन त्यांनी भेटीला येणाऱ्यांची वही चाळली. उएझोनो. बुधवार. पुन्हा उएझोनो, पुन्हा बुधवार. फेब्रुवारीपासून नऊ वेळा.

“ते होय? फार सभ्य गृहस्थ,” तिथली सेविका म्हणाली. “येताना रताळ्याची मिठाई आणतात. ते आले की आजी आम्हाला बाहेर घालवतात आणि दार लावून घ्यायला सांगतात.”

एकट्या म्हाताऱ्यांशी गोड बोलून घर-जमीन लिहून घेणाऱ्यांच्या बातम्या मास्तर रोज वाचत होते. आईच्या नावावर डोंगरउतारावरचा चहाचा मळा होता. त्यांनी वहीतून उएझोनोचा पत्ता उतरवून घेतला.

खोली एका स्वस्त इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडलं तेव्हा उएझोनो ब्रश धूत होता. मास्तरांना पाहून तो दचकला नाही, उलट बाजूला सरून त्यानं वाट करून दिली. मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले.

“माझ्या आईकडे कशाला जाता?”

“त्या बोलावतात म्हणून.”

“तिनं तुम्हाला पत्र वाचायला दिलं?”

“कुठलं पत्र?”

“नाटक करू नका. मळा हवाय का तुम्हाला? कागदावर तिचा सहीचा शिक्का घेतलाय का? उद्या मी पोलिसांत जाणार आहे.”

उएझोनोनं ब्रश पुसला. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचीच मास्तरांना जास्त चीड आली.

“जा,” तो म्हणाला. “पण आधी त्यांना विचारा. मी तोंड उघडणार नाही असं त्यांना वचन दिलंय. ते नाव घालायला नको होतं मी. पण नावाशिवाय ते विमान खोटं वाटत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी बसली होती. मास्तरांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली.

“आई, तो कागोशिमाचा माणूस कोण आहे?”

तिनं पेल्यातल्या चहाकडे पाहिलं. “तुझ्या कानावर आलं म्हणायचं.”

“काय मागतोय तो तुझ्याकडे?”

“काही नाही. बाप गेल्याचं सांगायला आला होता. आता मीच बोलावते. बाप कसा राहायचा, काय खायचा, ते ऐकत बसते.”

“त्याचा बाप मेकॅनिक होता ना? त्याच्याशी आपला काय संबंध?”

“मेकॅनिक नव्हता.” तिनं पेला खाली ठेवला. “इंजिन बिघडून एका बेटावर उतरला होता. युद्ध संपल्यावर दोन महिन्यांनी दिवेलागणीला मागच्या दाराशी आला. तू माझ्या पाठीला बांधलेला, झोपला होतास. तोवर देवळात युद्धात मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव वाचून झालं होतं. अख्खं गाव मला वीराची बायको म्हणून वाकून नमस्कार करत होतं.”

“कोण आला होता?”

“त्यानं दोनदा तुझं नाव घेऊन हाक मारली, इसाओ. मी आतून अडसर काढला नाही.”