छातीत घे

"गालात नको गं बाई, छातीत घे! गाल काय फुगवतेस बेडकीसारखे?"

टेक्निशियन बाईंनी प्लास्टिकची पिशवी पुन्हा फुगवली आणि तिची नळी मुलीच्या तोंडात दिली. ही पिशवी सरावाची, साध्या हवेची. खऱ्या पिशवीत वेगळा वायू असे. तो छातीत ओढून श्वास रोखला की मशीन फुप्फुसांचा फोटो काढी. वायू पोहोचला तिथे पांढरं, नाही पोहोचला तिथे काळे डाग. आपल्याच छातीतले डाग पाहिले की पोरं घाबरून व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, सोडतात, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. बाईंना त्यातलं अक्षरही पटत नव्हतं. सकाळपासून शाळेची ही टोळी त्यांचं डोकं खात होती, आणि या कार्ट्यांना फोटोची नाही, दोन सणसणीत मुस्काटात बसायची गरज आहे, असं त्यांचं स्वच्छ मत झालं होतं.

त्यात ही एक. सोळा वर्षांची असेल. टोळीत तिला इंजिन म्हणायचे; सगळ्यांत मोठा धूर हीच काढते म्हणे. आणि या इंजिनाला साधा श्वास ओढता येईना! नळी तोंडात गेली की गाल टम्म, छाती जागच्या जागी.

"धूर ओढताना बरं जमतं," बाई म्हणाल्या. "ओठ नळीवर घट्ट लाव. खांदे खाली सोड. आता हळू ओढ. घशाशी थांबू नकोस, बरगड्या ताणेपर्यंत आत जाऊ दे. धर. धरून ठेव. हं, सोड आता."

बऱ्याच आदळआपटीनंतर एकदाची तिची छाती वर आली. मुलीचा चेहरा एकदम खुलला.

"जमलं ना, मॅडम?"

"उपकार झाले," बाई म्हणाल्या आणि खरी पिशवी देऊन तिला मशीनमध्ये सरकवलं.

बाहेर आल्यावर मुलगी काचेपलीकडच्या पडद्याकडे बघत राहिली. तिची दोन्ही फुप्फुसं पांढरीशुभ्र दिसत होती.

"मॅडम, डाग कुठेयत?"

"एकही नाही. नशीब काढलंस."

मुलीचा चेहरा पार उतरला. तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "बाहेर सांगू नका ना, प्लीज. मला तो धूर आत घेताच येत नाही, ठसका लागतो. मी तोंडातल्या तोंडात धरते आणि सोडून देते. त्यांना कळलं तर मला कुणी बरोबर घेणार नाही. दुसऱ्या कुणाचा तरी फोटो द्या ना मला."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. घाबरायचं राहिलं बाजूला, हिला डाग हवेत! खरोखर ओढणारी पोरं एक वेळ परवडली, निदान जे करतात ते उघड तरी करतात. पण हे असलं सोंग? बाईंना शिसारी आली.

बाहेर व्हरांड्यात आपापले फोटो उजेडाकडे धरून टोळीची चढाओढ चालली होती. "माझा डाग बघ केवढा!" एक कुरळ्या केसांचा पोरगा सांगत होता. "तुझे म्हणजे काय, मुंग्या नुसत्या!" त्यांच्याबरोबर आलेले सर आणि मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीत चहा पीत बसले होते.

बाईंनी तिचा फोटो तिच्या हातात ठेवला आणि दार सताड उघडलं.

"घ्या, हे तुमचं इंजिन! आत धुराचा कण नाही. बया नुसती गुळणी करते आणि टाकते!"

असा काही हशा उसळला की डॉक्टर कप घेऊनच बाहेर आले. "इंजिन कसलं, चहाची किटली!" कुरळ्या ओरडला. मुलीनं फोटोची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो दप्तरात कोंबला. रडली मात्र नाही.

"एक तरी स्वच्छ निघाला!" डॉक्टर खूष होऊन म्हणाले. "याची एक प्रत आपण भिंतीवर लावू."

बाईंनाही बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. एका तरी सोंगाची फजिती झाली, आता लाजेनं का होईना, पोरगी या टोळीचा नाद सोडेल. मशीन बंद करून त्या आपला चहा घेऊन खिडकीशी आल्या.

खाली फाटकाजवळ टोळी उभी होती. सर गाडी आणायला गेले असावेत, कारण कुरळ्यानं खिशातून व्हेप काढलं होतं आणि तो ते मुलीच्या नाकासमोर नाचवत होता. मुलीनं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. बाईंनी नाक मुरडलं. आता ही पुन्हा गाल फुगवणार.

गाल फुगले नाहीत.

मुलीनं ओठ घट्ट लावले. खांदे खाली सोडले. मग ती हळूहळू ओढत राहिली, कुठेही न थांबता, आणि तिची छाती वर आली. टोळीचं खिदळणं थांबलं. खिडकी उघडून ओरडावं असं बाईंना वाटलं, पण दिवसभराच्या सवयीनं तोंडातून भलतंच निघून गेलं.

"धर. धरून ठेव."

तिनं धरून ठेवलं. मग सोडलं तेव्हा बाहेर धूर जवळजवळ आलाच नाही. सगळा आत राहिला होता.

टोळीनं टाळ्या पिटल्या. मुलीनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा मघाशी मशीनजवळ खुलला होता, अगदी तसाच खुलला होता.