चौकटीच्या पाठीवर

संशोधक ताईने चौकट उलटी केली आणि तिचा चेहरा खुलला. चित्र सुलटं बघणारे लोक वेगळे, तिचं सगळं काम पाठीशी. मागच्या फळीवर जुन्या प्रदर्शनांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या, कोपऱ्यात कुणा मालकाचा शिक्का होता.

"अस्सल आहे ना?" टेबलापलीकडून शिंपीकाकांनी विचारलं.

"चिठ्ठ्या तर अस्सल आहेत, काका. पुढचं बघू."

चित्र छोटंसंच. एक बाई डोळे बारीक करून सुईत दोरा ओवते आहे, बस्स. पण चित्रकार एवढा नामांकित, की त्याच्या नुसत्या रेघोटीसाठी संग्रहालयं एकमेकांच्या उरावर बसायची. आणि काका ते फुकट द्यायला आले होते. अट एकच. खालच्या पाटीवर देणारी म्हणून त्यांच्या बायकोचं नाव हवं.

संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी भिंग लावलं आणि ते विरघळलेच. "अशी रेघ दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायची नाही," म्हणाले. संचालकांना मात्र आधी मालकीची साखळी पूर्ण हवी होती. चोरीचा माल भिंतीवर लागला, तर अब्रूचं खोबरं व्हायचं.

सुरुवातीच्या कड्या लवकर सापडल्या. चित्रकाराने ते आपल्या डॉक्टरला भेट दिलं होतं. डॉक्टरने प्रदर्शनाला दिलं. तिथल्या यादीत नाव मिळालं, फोटो नाही. पुढे एका श्रीमंत बाईंनी ते विकत घेतलं. आणि त्यानंतर एकदम शिंप्याच्या घरात! मधली कडी गायब.

"ही त्या बाईंना सांभाळायला होती," काका म्हणाले. "अंथरुणाला खिळल्या होत्या त्या. शेवटपर्यंत हिनेच केलं सगळं. त्यांनी खूश होऊन चित्र दिलं. ही हरखून घरी घेऊन आली, तर माझ्या सख्ख्या भावजयीने चारचौघांत विचारलं, 'सांभाळायला गेली होतीस, का भिंती साफ करायला?'"

"मग काकू काय म्हणाल्या?"

"त्यानंतर ती नात्यातल्या कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही." काकांनी चष्मा काढून पुसला. "तो डाग घेऊनच गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ताई."

ताईला ते लागलं. कधीही न पाहिलेल्या त्या काकूंसाठी ती हट्टाला पेटली. त्या बाईंचं घर कुठे होतं, म्हणून तिने विचारलं. काकांनी पाठकोऱ्या कागदावर पेन टेकवलं आणि हात न उचलता गल्ली, फाटक, वळणाचा जिना असं सगळं काढून दिलं.

त्या घरात आता दवाखाना होता. पण शेजारच्या आजोबांकडे बाईंच्या मुलीचा फोन नंबर निघाला. मुलगी आता स्वतःच म्हातारी झाली होती, लांब राहत होती, प्रवास झेपत नव्हता. आवाज मात्र खणखणीत.

"चोरी? कोण म्हणालं चोरी?" ती फोनवर कडाडलीच. "तिने माझ्या आईला उचललं, पुसलं, भरवलं. मी पोटची पोर, पण पाहुणीसारखी यायचे आणि जायचे. आईने माझ्या देखत ते चित्र भिंतीवरून उतरवायला लावलं आणि तिच्या हातात दिलं. मी रुसलेसुद्धा होते! लिहून देते, म्हणाल तिथे सही करते. तिचे आभार मानायचे राहूनच गेले हो."

फोन ठेवून ताई रडली. कामात असं रडायची तिला सवय नव्हती.

चित्र लागलं त्या दिवशी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. काठी टेकत भावजयही आली. तिने पाटीवरचं नाव वाचलं आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, "भावोजी, चुकलंच माझं. जिभेला हाड नव्हतं." काकांनी मान हलवली.

गर्दी पांगल्यावर त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार फिटायचे नाहीत बघ. तिचं नाव धुऊन निघालं आज."

"मी काय, नुसती माणसं शोधली, काका. चित्र तर काकूंनी जपलं."

"जपलं कुठलं?" काका चित्राकडे बघत प्रेमाने म्हणाले. "आता तुझ्यापासून काय लपवायचं? भावजय बोलली त्याच दिवशी हिने ते रागाने चौकटीतून काढून शेगडीत घातलं. मग रोज त्या रिकाम्या चौकटीकडे बघून रडायची, म्हणून मी तिलाच खिडकीपाशी बसवलं, हातात सुईदोरा दिला आणि हे काढलं."