ओलं पोट

टिटवी सहाव्यांदा पाण्यातून वर आली. पोटाची पिसं भिजून गच्च झाली होती. खड्यांवरून तुरुतुरु चालत ती अंड्यांच्या दिशेने आली आणि चार हात लांब थबकली. समोर ट्रायपॉड लावून सुनीतीबाई बसल्या होत्या. टिटवी ओरडत राहिली. पोटावरचं पाणी तापल्या खड्यांवर ठिबकलं आणि तिथेच वाळलं. ती पुन्हा नदीकडे वळली.

मे महिन्यातले साडेअकरा वाजले होते. कवडीच्या बंधाऱ्याखाली, उघड्या खड्यांत चार अंडी होती. उन्हाळ्यात टिटवी पोट भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. कोथरूडच्या शाळेत सुनीतीबाईंनी हे तीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तेव्हापासून त्यांना तेवढा एक फोटो हवा होता. अंड्यांवर पडणारे थेंब. काल संध्याकाळी त्यांनी वाकून कान लावला, तर आतून बारीक चिवचिव ऐकू आली होती. उद्यापर्यंत पिल्लं बाहेर आली असती आणि फोटो राहून गेला असता.

मांजरी गावच्या यमुनाबाई शेळ्या घेऊन आल्या होत्या. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी हितं हाय म्हणून ती बसंना. अंडी भाजत्यात. उठा की."

"पक्ष्यांचं मला नका शिकवू," सुनीतीबाई म्हणाल्या. "तुमच्या शेळ्या सांभाळा."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या फेरीलाच कळलं होतं. आणखी पाच मिनिटं, असं त्या दर पाच मिनिटांनी स्वतःला सांगत होत्या.

एक वाजता यमुनाबाई कुणाला न विचारता पुढे गेल्या. खाली बसून त्यांनी एक अंडं उचललं, कानाशी धरलं. मग दुसरं. चारही झाली. प्रत्येक अंडं त्यांनी होतं तिथेच परत ठेवलं.

"गप झाली सगळी," त्या म्हणाल्या आणि बाईंकडे न बघता शेळ्या हाकत निघून गेल्या.

सुनीतीबाई ट्रायपॉड मिटून काठावरच्या बाभळीपर्यंत मागे आल्या. वळून पाहिलं, तर टिटवी आली होती. एकेक पाऊल टाकत ती अंड्यांपर्यंत पोचली, त्यांच्यावर उभी राहिली, पिसं फुलवली. थेंब पडू लागले.

बाईंनी ट्रायपॉड पुन्हा उघडला. टिटवी पाण्याला गेली की त्या थोड्या पुढे सरकत. आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. टिटवी मात्र पाणी आणत राहिली. तीन वाजेपर्यंत बाईंनी चाळीस फोटो घेतले.

जुलैत प्रदर्शनात त्यातल्या एकाला पहिलं बक्षीस मिळालं. खाली नाव होतं, 'माया'. लोक त्याच्यासमोर बराच वेळ थांबत होते. एका तरुण बाईने डोळे टिपले.

"मॅडम, पिल्लं निघाली का हो?"

"निघाली ना," सुनीतीबाई म्हणाल्या. "चारही. माझ्या डोळ्यांदेखत."