एक्स-रेवाली

तिची पाळी कधी दीड, कधी तीन महिन्यांनी यायची. मुलासाठी चार वर्षं झुरून तिनं दिवस मोजणंच सोडलं होतं. आज कामावर उलटी झाली म्हणून तपासलं, तर पट्टीवर दोन रेघा! आनंदाआधी भीतीच वाटली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. गेल्याच आठवड्यात रडणाऱ्या चिमुरडीला धरून यंत्राशेजारी उभी होती. ती सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. “बाई, माझ्याच हातानं घात केला हो!” “किरणं अडवणारा शिशाचा एप्रन होता ना अंगावर? मग आडवी हो आधी.” बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. तिनं डोळे गच्च मिटले. “ऐक ठोके, कसे पळतायत!” तिनं नवऱ्याला फोन लावला, पण रडूच फुटलं. दर वेळेसारखं तो हळूच म्हणाला, “आली का पाळी? रडू नकोस, मी येतो.” “नाही आली,” ती कशीबशी म्हणाली.