खुर्चीने दाखवलेला शेवट

चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्या विज्ञानकादंबरीवरचा नवा सिनेमा संपताच कालिंदीबाई सबनीस ताडकन उठल्या. "माझ्या कादंबरीत आई यानाचं दार लावून घेते आणि पोरगा बाहेर मरतो! त्याला परत आणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"बाई, आम्ही नाही आणला," दिग्दर्शक चाचरत म्हणाला. "खुर्ची प्रेक्षकाची नाडी बघते आणि त्याला हवा तो शेवट त्याच्या चष्म्यात दाखवते. तुमच्या शेजारच्यांना तो मेलेलाच दिसला."

कालिंदीबाईंनी चष्मा त्याच्या अंगावर भिरकावला. "नाडी तेव्हाही हेच मागत होती, मेल्या! माझा पोरगा श्रीरंग गेला, त्याच महिन्यात मी तिला गप्प बसवून तो शेवट लिहिला. आता पुन्हा त्याला कुणी मारायचं?"