जेवायला किती?

“घरात जेवायला किती माणसं?” मी विचारलं.

“दोन,” एकटेच राहणारे बीडिगरआजोबा म्हणाले.

टेक्सासातल्या त्या गावी मी फ्रान्सच्या अल्सासहून आणि कोरियाहून आलेल्या कुटुंबांच्या राहणीमानाची तुलना करत होते. आजोबा मूळचे अल्सासचे, पण पाच पिढ्या इथल्याच, शेती स्वतःची. समोरच्या कोरियन नोहबाई भाड्याच्या घरात, लाँड्री चालवणाऱ्या. माझ्या तक्त्यातला एकही रकाना जुळेना. पण त्याही एकट्याच, आणि त्यांचंही उत्तर ‘दोन’च.

चुकलं असेल म्हणून दुपारी नोहबाईंकडे गेले, तर आजोबा आंबवलेल्या कोबीची बरणी घेऊन तिथेच जेवायला बसलेले.

“हिची ही कोबीची किमची म्हणजे नुसता जाळ,” ते म्हणाले.

“आणि यांचा कोबी आंबटढाण,” बाई म्हणाल्या. मग दोघांनी एकमेकांचंच वाढून घेतलं.

मी दुरुस्तीला पेन काढलं. बाईंनी आणखी एक ताटली मांडली.

“आज तीन लिही.”